तासाचे पैसे तास उडाल्यावर घ्या
हेलिकॉप्टर प्रशिक्षण संस्थांचे चालक, विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था आणि पायलट नेमणाऱ्या हेलिकॉप्टर कंपन्या यांना खुलं पत्र

महोदय,

सप्रेम नमस्कार.

हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमध्ये एक साधासा मीटर असतो. सगळे त्याला हॉब्ज म्हणतात. तो तासाचे दहावे भाग मोजतो. शेवटचा आकडा एकाने पुढे सरकला की सहा मिनिटं झाली, आणि विद्यार्थ्याचं बिल या मीटरवरूनच निघतं. गेल्या महिन्यात माझा एक विद्यार्थी ऑटोरोटेशनचा सराव करत होता. इंजिन बंद पडलं असं धरून, नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या रोटरच्या जोरावर हेलिकॉप्टर खाली आणायचं, हा तो धडा. कलेक्टिव्ह (उचल कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण खाली, उजवं पेडल, सायक्लिक (हेलिकॉप्टर हव्या त्या दिशेला झुकवणारा दांडा) किंचित मागे, थ्रॉटल कमी. सगळं नीट केलं त्यानं. या वेळी नजर दोनच ठिकाणी हवी असते, बाहेर जमिनीवर आणि आत रोटरच्या आरपीएमवर व वेगाच्या काट्यावर. जमीन तीनशे फुटांवर आली असताना त्याची नजर हॉब्जवर गेली. तेवढ्यात नाक वर उचललं गेलं आणि वेग पडायला लागला. मी कंट्रोल घेतले, थ्रॉटल उघडला आणि आम्ही पुन्हा वर गेलो.

उतरल्यावर मी विचारलं, "तिकडे कशाला बघितलंस?" तो म्हणाला, "मॅडम, शून्य पॉइंट नऊ झालं होतं. आज एकाच तासाचे पैसे आहेत."

हा मुलगा निष्काळजी नाही. माझ्याकडे आलेल्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक आहे. पण त्याच्या डोक्यात दोन मीटर एकाच वेळी फिरत असतात, आणि त्यातला एक आपण सगळ्यांनी मिळून बसवलेला आहे. म्हणून हे पत्र.

मी स्वतः हेलिकॉप्टर पायलट आहे. शिकताना कर्ज काढलं, परवाना मिळाल्यावर तीन वर्षं शिकवून तास जमवले, मग काही वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण केली, आणि आता पुन्हा शिकवते आहे. त्यामुळे तुम्हा तिघांच्याही टेबलासमोर मी कधी ना कधी बसलेली आहे. संस्थाचालक म्हणतात, हेलिकॉप्टर महाग आहे, आम्ही काय करणार. वित्तसंस्था म्हणतात, पगार सुरू होईल याची खात्री नाही, मग तारण मागणारच. कंपन्या म्हणतात, कमी तासांचा पायलट आम्हाला परवडत नाही, विमा उतरवणारा मान्य करत नाही. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. पण तिन्ही खरी म्हणणी एकावर एक ठेवली की सगळा भार एकाच माणसाच्या डोक्यावर येतो. तो अठरा-वीस वर्षांचा असतो आणि त्याच्याकडे घरच्यांच्या सहीशिवाय दुसरं काही नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. उड्डाणाचा तास महाग का, हे मला माहीत आहे आणि त्यासाठी मी संस्थांना दोष देत नाही. जगभर असंख्य विद्यार्थी ज्यावर शिकले त्या रॉबिन्सन आर-२२ चंच उदाहरण घ्या. फ्रँक रॉबिन्सन यांचं हे दोन सीटचं, चार सिलिंडरच्या इंजिनाचं छोटं हेलिकॉप्टर १९७९ मध्ये प्रमाणित झालं. त्याला २,२०० तास किंवा १२ वर्षं, यातलं जे आधी भरेल तेव्हा संपूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे सगळं सुटं करून मोठी दुरुस्ती, करावा लागतो. दिसायला धडधाकट असलेली रोटरची पाती, गिअरबॉक्सचे भाग, सगळ्यांचं आयुष्य तासांत ठरलेलं असतं. म्हणजे विद्यार्थी एक तास उडतो तेव्हा तो इंधनाच्या पैशांबरोबर त्या ओव्हरहॉलचा बावीसशेवा भागही भरत असतो. वर विमा, हँगर, देखभाल करणारे इंजिनिअर, शिक्षकाचं मानधन. विमानाच्या पंखाला सहसा असा हिशेब नसतो. शिकाऊ विमानाच्या तुलनेत हेलिकॉप्टरचा तास कितीतरी महाग पडतो तो यामुळेच. यात काटकसर करायला जागा फार थोडी आहे, आणि जिथे आहे तिथे ती करू नये असंच मी म्हणेन.

तेव्हा माझं भांडण तासाच्या दराशी नाही. पैसे कधी घेतले जातात आणि बुडाले तर कुणाचे बुडतात, यावर माझं भांडण आहे.

मी शिकले त्या संस्थेनं पूर्ण कोर्सची फी एकरकमी घेतली होती. एकरकमी भरली तर सूट होती, आणि वित्तसंस्थेलाही एकच धनादेश काढणं सोयीचं होतं. संस्थेकडे दोन हेलिकॉप्टर होती. मी तिशीच्या तासांत असताना एक ओव्हरहॉलला गेलं. दुसरं एका सुट्या भागाची वाट बघत हँगरमध्ये उभं राहिलं. सात आठवडे मी रोज सकाळी जायचे, हवामान लिहून काढायचे, फळ्यावर माझ्या नावापुढे काही लिहिलंय का ते बघायचे आणि परत यायचे. व्याज मात्र रोज चढत होतं. सात आठवड्यांनी पुन्हा सीटवर बसले तेव्हा हॉव्हर हातातून गेला होता.

ज्यांनी हेलिकॉप्टर उडवलेलं नाही त्यांच्यासाठी, आणि वित्तसंस्थांमधल्या अधिकाऱ्यांसाठी विशेष करून, हॉव्हर म्हणजे काय ते सांगते. जमिनीपासून तीन-चार फुटांवर एकाच जागी स्थिर राहायचं. ऐकायला यात काही नाही. पण डाव्या हातातलं कलेक्टिव्ह केसभर वर घेतलं की नाक उजवीकडे वळतं, म्हणून डावं पेडल द्यावं लागतं. पेडल दिलं की टेल रोटरचा, म्हणजे शेपटीकडच्या छोट्या पंख्याचा, जोर वाढतो आणि अख्खं यंत्र बाजूला सरकायला लागतं, म्हणून उजव्या हातातलं सायक्लिक हलवायचं. सायक्लिक हलवलं की उचल थोडी कमी होते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. हे चक्र थांबत नाही. पहिले पाच-सात तास विद्यार्थी घामाघूम होतो, हेलिकॉप्टर मैदानभर भटकतं, आणि मग एके दिवशी कुणी काही न सांगता ते थांबतं. त्यानंतर हात आपोआप चालतात. मला तो दिवस आजही आठवतो, उतरल्यावर माझे गुडघे थरथरत होते. हे कसब हातात बसतं आणि सुरुवातीच्या तासांत ते फार कच्चं असतं. आठवड्याला तीन-चार वेळा उडलं तर टिकतं. मध्ये खंड पडला की जातं.

त्या सात आठवड्यांनंतर मला पूर्वीच्या जागी यायला जवळपास सहा तास लागले. ते सहा तास माझ्याच भरलेल्या पैशांतून वजा झाले. खंड संस्थेच्या हेलिकॉप्टरमुळे पडला, पण त्याची किंमत माझ्या लॉगबुकनं, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीनं, मोजली. मी तक्रार केली तेव्हा करार दाखवण्यात आला. करारात लिहिलं होतं की हेलिकॉप्टरच्या उपलब्धतेची हमी नाही. सही माझीच होती.

मी सुदैवी होते, कारण ती संस्था पुढे चालू राहिली. सगळ्यांचं तसं होत नाही. या व्यवसायात असलेल्या प्रत्येकाला २००८ सालचं अमेरिकेतलं सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्सचं प्रकरण माहीत आहे, आणि मला वाटतं ते दर वर्षी नव्यानं सांगायला हवं. ही त्या काळी तिथली मोठी हेलिकॉप्टर प्रशिक्षण संस्था होती. अनेक राज्यांत शाखा होत्या. सभागृहांत मोठमोठे परिचय मेळावे भरवायचे, बाहेर हेलिकॉप्टर उभं करायचं, आणि इच्छुकांना कर्जाचे कागद द्यायचे. जवळपास सत्तर हजार डॉलरची फी आगाऊ घेतली जायची. फेब्रुवारी २००८ मध्ये संस्था एका दिवसात बंद पडली आणि दिवाळखोरीत गेली. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी अर्ध्यात अडकले. कुणाचे वीस तास झाले होते, कुणाचे शंभर. परवाना हातात नाही, हेलिकॉप्टर नाही, शिक्षक नाही, आणि कर्ज मात्र पूर्ण रकमेचं. सोडवणुकीसाठी त्यांना पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

मला त्या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचते ती संस्थेची दिवाळखोरी नव्हे. धंदे बुडतात. बोचतं ते हे, की पैसे देणाऱ्यानं पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी संस्थेच्या हाती ठेवली होती. विद्यार्थी पहिल्यांदा हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधीच त्याच्या शंभराव्या तासाचे पैसे खर्च होऊन गेले होते. नव्या विद्यार्थ्याच्या फीमधून जुन्या विद्यार्थ्याचं इंधन भरायचं, ही पद्धत ज्या दिवशी नवे विद्यार्थी कमी होतात त्या दिवशी कोसळते. त्यासाठी कुणी चोर असायला लागत नाही.

म्हणून संस्थाचालकांना माझी पहिली आणि मुख्य विनंती: तासाचे पैसे तास उडाल्यावर घ्या. फार तर पुढच्या दहा तासांचे आगाऊ घ्या, म्हणजे तुम्हाला वेळापत्रक लावता येईल आणि विद्यार्थी मध्येच गायब झाला तर तुमचंही नुकसान होणार नाही. ज्यांना पूर्ण रकमेची व्यवस्था आधी झालेली हवीच आहे, त्यांनी ती रक्कम स्वतःच्या चालू खात्यात न घेता त्रयस्थाच्या ताब्यातल्या एस्क्रो खात्यात ठेवावी. लॉगबुकवर विद्यार्थी आणि शिक्षक दोघांची सही झाली की तेवढ्याच तासांचे पैसे सुटावेत. घरबांधणीत जसे बांधकामाच्या टप्प्यानुसार पैसे सुटतात, तसंच. यात अवघड काही नाही. लॉगबुक आपण तसंही रोज लिहितो.

"मग आमचं खेळतं भांडवल कुठून येणार?" हा प्रश्न मला विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. पण खेळतं भांडवल उभं करणं हे धंदा करणाऱ्याचं काम असतं. विद्यार्थ्याच्या घरच्यांनी तुमचे बिनव्याजी भागीदार व्हावं, तोट्यात पूर्ण वाटा उचलावा आणि नफ्यात मात्र काही मागू नये, असं कुठल्या व्यवहारात बसतं?

दुसरं, पैसे घेण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटची सगळ्यात वरच्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, करून घ्यायला सांगा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या नियमांनुसार व्यावसायिक परवान्याला हे मेडिकल लागतंच. रंग ओळखण्यातला दोष, हृदयाच्या आलेखातली एखादी गोष्ट, ऐकण्यातली कमतरता, हे सगळं पहिल्या दिवशी कळू शकतं. तरीही खालच्या वर्गाच्या मेडिकलवर प्रवेश देऊन "ते पुढे बघू" म्हणणाऱ्या संस्था आहेत. वजनाबद्दलही सरळ बोला. आर-२२ मध्ये एका सीटची मर्यादा २४० पौंड, म्हणजे साधारण १०९ किलो आहे, आणि शिक्षक, विद्यार्थी, इंधन मिळून एकूण वजनाची मर्यादा त्याहून लवकर आड येते. थोडा धिप्पाड विद्यार्थी असला तर त्याला चार सीटच्या आर-४४ वर शिकावं लागतं आणि त्याचा तास बराच महाग पडतो. हे त्याला माहितीपत्रकातल्या आकड्यावर सही केल्यानंतर कळू नये.

माहितीपत्रकातल्या आकड्याबद्दलही थोडं बोलते. आयकाओच्या मानकाप्रमाणे व्यावसायिक हेलिकॉप्टर परवान्यासाठी किमान १५० तास लागतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून गेलं तर १००. त्यात ३५ तास पायलट-इन-कमांड, म्हणजे उड्डाणाची जबाबदारी स्वतःवर असलेला पायलट, म्हणून हवेत. काही देशांत आकडा याच्याही वर आहे. माहितीपत्रकात या किमान तासांचा खर्च छापलेला असतो. पण किमान तासांत तयार होणारे विद्यार्थी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले आहेत. हवामान आडवं येतं, एखादा धडा जमत नाही, परीक्षकाची तारीख मिळत नाही आणि तोवर सराव टिकवायला उडावंच लागतं. तुमच्याकडे मागच्या वर्षांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तासांची नोंद आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात सरासरी किती तास लागले आणि किती जणांनी अर्ध्यात सोडलं, हे दोन आकडे छापा. ज्याला तेवढा खर्च झेपत नाही तो आधीच थांबेल, आणि तोही आपण त्याच्यावर केलेला उपकारच असेल.

आता वित्तसंस्थांकडे वळते.

तुम्ही वैद्यकीय किंवा इंजिनिअरिंगच्या कर्जाचा साचा घेऊन तो आमच्यावर बसवला आहे. कोर्स संपल्यावर सहा महिने किंवा वर्षभर सवलत, मग हप्ते सुरू. या साच्यात एक गृहीत धरलेलं आहे, की पदवी मिळाली की नोकरी मिळते. हेलिकॉप्टर पायलटचं तसं होत नाही. परवाना मिळाल्या दिवशी त्याच्याकडे दीडशे-दोनशे तास असतात. रुग्णवाहतूक, तेलविहिरी, वणवा विझवणं, उंच मनोऱ्यांच्या तारांची कामं, यांतल्या बहुतेक कंपन्या हजार-पंधराशे तासांखाली अर्जही वाचत नाहीत. हे मधले आठशे ते तेराशे तास कुठून आणायचे? ते विकत घेणं कुणालाच शक्य नाही. मग एकच वाट उरते, शिक्षकाचं रेटिंग, म्हणजे शिकवण्याची परवानगी, घ्यायचं आणि इतरांना शिकवत तास जमवायचे. त्या रेटिंगला आणखी पैसे लागतात, कर्ज तोवर संपलेलं असतं, आणि पहिला हप्ता नेमका याच वेळी दारात येऊन उभा राहतो.

माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी कितीतरी जण इथेच गळाले. परवाना फ्रेम करून भिंतीवर आहे, उडणं बंद आहे, आणि दुसऱ्याच कामाच्या पगारातून हेलिकॉप्टरचे हप्ते जातायत. त्यांच्यात माझ्यापेक्षा चांगले हात असलेले होते. हे मी विनयानं म्हणत नाही, त्यांच्याबरोबर उडले आहे म्हणून सांगते.

तेव्हा तुम्ही तीन गोष्टी करू शकता. रक्कम टप्प्याटप्प्यानं, उडालेल्या तासांच्या नोंदीवर सोडा. त्यात तुमचाही पैसा सुरक्षित राहतो, सिल्व्हर स्टेटमध्ये कर्ज देणाऱ्यांचेही हात पोळलेच होते. परवान्यापर्यंतच्या खर्चाबरोबर शिक्षक रेटिंगचा खर्च पहिल्यापासून कर्जात धरा, कारण त्याच्याशिवाय बाकीचं कर्ज फिटण्याची शक्यता फार कमी होते. आणि हप्ते परवान्याच्या तारखेशी बांधू नका, पहिल्या पगाराशी बांधा. शिवाय मेडिकल गेलं तर काय, याचा विमा कर्जाबरोबरच द्या. पायलटचं उत्पन्न एका डॉक्टरच्या सहीवर अवलंबून असतं आणि ती सही दर सहा-बारा महिन्यांनी नव्यानं घ्यावी लागते. घर तारण ठेवून घेताना त्या घरच्यांना हे कुणीतरी समोर बसवून सांगितलं पाहिजे. माझ्या वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, परवाना म्हणजे नोकरी.

आणि कंपन्यांना, ज्यांच्याकडे मी स्वतः काम केलं आहे आणि ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांना मी जरा मोकळेपणानं लिहिते.

तुम्हाला पायलट आयता मिळण्याची सवय लागलेली आहे, आणि त्या सवयीला इतिहास आहे. इगोर सिकॉर्स्की यांचं व्हीएस-३०० सप्टेंबर १९३९ मध्ये दोरांनी बांधलेल्या अवस्थेत जमिनीवरून उचललं गेलं. १९४६ मध्ये बेल-४७ ला नागरी वापराचं पहिलं प्रमाणपत्र मिळालं. पण नागरी हेलिकॉप्टर कंपन्यांना भरभरून पायलट मिळाले ते सैन्यांकडून. एकट्या फोर्ट वोल्टर्स या टेक्सासमधल्या तळावर १९५६ ते १९७३ या काळात चाळीस हजारांच्या आसपास पायलट शिकले. व्हिएतनामचं युद्ध संपल्यावर त्यांतले कितीतरी जण हजारो तासांची लॉगबुकं घेऊन नागरी कंपन्यांच्या दारात आले. कंपनीला खर्च काय, तर गणवेश आणि नव्या हेलिकॉप्टरची ओळख. हजार-दोन हजार तासांची अट त्या काळात घालणं सोपं होतं, कारण ती पुरी करणारी माणसं रांगेत उभी होती. ती पिढी आता निवृत्त झाली. अट तशीच राहिली. आणि सरकारी तिजोरीतून होणारा तो खर्च हळूच, कुणी जाहीर न करता, विद्यार्थ्यांच्या घरांवर येऊन पडला.

सगळ्यांनीच तसं केलं असंही नाही. उत्तर समुद्रात तेलविहिरींचं काम वाढलं तेव्हा काही कंपन्यांनी स्वतःच्या खर्चानं कॅडेट निवडले, शिकवले आणि सहपायलटच्या सीटवर बसवून मोठे केले. दोन पायलट लागणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये हे करता येतं. उजव्या सीटवर अनुभवी कॅप्टन, डावीकडे दोनशे तासांचा मुलगा किंवा मुलगी. मीही, आधी शिकवून तास जमवल्यावर का होईना, त्याच डाव्या सीटवर शिकले. रात्री, पावसात, हलत्या डेकवर उतरताना कॅप्टन काय बघतो, कधी गप्प बसतो आणि कधी मागे फिरायचं ठरवतो, हे मला कुठल्याही वर्गात कळलं नसतं.

आणि तुम्ही ते केलं नाही तर काय होतं तेही बघा. दोनशे तासांचा नवा पायलट जातो कुठे? शिकवायला. आपल्या क्षेत्राची ही रचना मला वर्षानुवर्षं अस्वस्थ करते. सगळ्यात कमी अनुभवाचा पायलट सगळ्यात कच्च्या विद्यार्थ्याला, सगळ्यात कमी चूक सहन करणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये शिकवतो. आर-२२ चा रोटर हलका आहे. इंजिन थांबलं की कलेक्टिव्ह खाली टाकायला जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. अपघातांमुळे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाला १९९५ मध्ये आर-२२ आणि आर-४४ साठी खास नियम काढावा लागला. आर-२२ वर शिकवणाऱ्याला हेलिकॉप्टरचे किमान २०० तास हवेत आणि त्यातले ५० याच यंत्रावरचे, असं त्यात आलं. तो नियम योग्यच होता. पण दोनशे एक तासांचा शिक्षकही नवखाच. मी दोनशे दहा तासांवर शिकवायला लागले. त्या पहिल्या वर्षी दोनदा असं झालं की विद्यार्थ्यानं केलेली चूक मी अर्धा सेकंद उशिरा ओळखली. काही झालं नाही. पण त्या दोन संध्याकाळी मी हँगरमध्ये बराच वेळ एकटी बसून होते.

माझं मागणं फार मोठं नाही. दर वर्षी तुमच्या पायलटांच्या संख्येच्या प्रमाणात थोडे नवे घ्या, दोनशे-तीनशे तासांचे. सहपायलटची सीट असेल तिथे बसवा. नसेल तर सुरुवातीला रिकाम्या हेलिकॉप्टरच्या फेऱ्या, दिवसा, चांगल्या हवामानात द्या. विमा कंपनीशी बोला. ती तासांचा आकडा मागते कारण तिच्यासमोर दुसरं मोजमाप कुणी ठेवत नाही. तुम्ही लेखी प्रशिक्षण योजना, देखरेखीखालचे तास आणि टप्प्याटप्प्यानं वाढणाऱ्या परवानग्या समोर ठेवल्या तर बोलणी होऊ शकतात. बदल्यात बॉण्ड घ्या. मी बॉण्डच्या विरोधात नाही. कंपनीनं खर्च केला तर पायलटनं दोन-तीन वर्षं द्यावीत हे न्याय्य आहे, फक्त नोकरी सोडताना द्यायची रक्कम महिन्यागणिक कमी होत गेली पाहिजे, आणि कंपनीनंच काढून टाकलं तर बॉण्ड संपला पाहिजे. पायलटकडून पैसे घेऊन त्याला सहपायलटच्या सीटवर तास विकणं मात्र थांबवा. ज्या सीटसाठी ग्राहक पैसे देतोय तिचेच पैसे त्या सीटवर काम करणाऱ्याकडूनही घ्यायचे, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

शिष्यवृत्त्यांबद्दल मी थोडंच लिहिते, कारण त्या थोड्याच आहेत. १९५५ मध्ये १३ महिला हेलिकॉप्टर पायलटांनी मिळून व्हर्ली-गर्ल्स ही संघटना सुरू केली. ती आजही मुलींना पुढच्या रेटिंगसाठी शिष्यवृत्ती देते. मोजक्या बायकांनी एकत्र येऊन उभं केलेलं काम इतकी वर्षं टिकतं, तर ताफ्यात पन्नास हेलिकॉप्टर असलेल्या कंपनीला वर्षाला एका मुलीचा किंवा मुलाचा शिक्षक रेटिंगचा खर्च उचलता येऊ नये, हे मला पटत नाही.

२९ नोव्हेंबर १९४५ ला अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ वादळात एक तेलाचा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, खडकावर अडकला होता. त्यावरच्या दोन माणसांना सिकॉर्स्कीच्या हेलिकॉप्टरनं होइस्टनं, म्हणजे माणूस वर ओढून घेणाऱ्या दोराच्या यंत्रानं, एकेक करून वर उचललं. तेव्हापासून आजपर्यंत पुरात छपरावर अडकलेला, डोंगरात पाय मोडलेला, जहाजावर हृदयविकाराचा झटका आलेला माणूस आकाशाकडे बघतो तो याच भरवशावर. त्या सीटवर कोण बसणार हे आज ज्याच्या घरच्यांकडे तारण ठेवायला काही आहे त्यावर ठरतं. ज्याचे हात चांगले आहेत, डोकं शांत आहे, पण घर भाड्याचं आहे, तो गाळला जातो आणि आपल्यापैकी कुणाला कळतही नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे आता ६२ तास झाले आहेत. मी सरावाला निघण्याआधी हॉब्जवर कागदाची पट्टी चिकटवते आणि वेळ माझ्या घड्याळावर मोजते. त्यानं त्याची नजर सुधारली आहे, खिसा नाही. पुढचा तास त्यानं तीन आठवड्यांनंतरचा मागितला आहे, तोवर पैसे जमतील म्हणाला. तीन आठवड्यांत त्याचे हात थोडे विसरतील आणि आम्ही ऑटोरोटेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. ते तासही त्याच्याच खिशातून जातील.

तुमच्यापैकी कुणाला एस्क्रोचा करार, हप्त्यांची रचना किंवा नव्या पायलटांसाठीची योजना कागदावर मांडायची असेल तर मी माझी सगळी लॉगबुकं आणि गेल्या सहा वर्षांतल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या तासांच्या नोंदी, नावं झाकून, घेऊन यायला तयार आहे. कुठल्याही दिवशी. हवामान खराब असेल तर उत्तमच, त्या दिवशी मी मोकळी असते.

आपली नम्र,
एक हेलिकॉप्टर प्रशिक्षक